चांगुणाबाईंची उत्तरपत्रिका

आमच्या पेणच्या पोह्यांच्या गिरणीत कामाला लागलेल्या प्रत्येक बाईला स्वतः पहिल्यांदा भाजलेले पोहे घरी न्यावे लागत. ते बक्षीस नव्हतं आणि शिक्षाही नव्हती, तो चांगुणाबाईंचा नियम होता. नव्या बाईने भट्टीवर पहिल्यांदा भाजलेलं भात एकतर करपतं, नाहीतर कच्चं राहतं. त्याचे पोहे भिजवले की चुरा होतो किंवा लगदा. चांगुणाबाई ते पोहे कागदात बांधायच्या, त्या बाईच्या हातात द्यायच्या आणि सांगायच्या, "घरी सगल्यांना खायला घाल. कोन काय बोललं ते उद्या येऊन सांग."

आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच विचारायच्या. भट्टी पेटवण्याआधी, सगळ्यांसमोर. "सासू काय बोलली?" "दिरानं ताट सरकवलं?" एक नवी लग्न झालेली मुलगी म्हणाली, कोणी काहीच बोललं नाही. चांगुणाबाई म्हणाल्या, "म्हंजे कोनी खाल्लंच नाय. आज परत ने." ती मुलगी तीन दिवस पोहे नेत होती. चौथ्या दिवशी सासरा काय म्हणाला ते तिने इतकं जसंच्या तसं सांगितलं की घाण्यावरच्या गड्याने तोंड फिरवून हसून घेतलं.

"गिऱ्हाईक आपल्याला दिसत नाय," चांगुणाबाई म्हणायच्या. "घरची मानसं दिसतात. त्यांची तोंडं बघून शिकायचं."

इथे एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. त्या गिरणीत होत्या तेव्हा मी त्यांना 'ए चांगुणाबाई, इकडे ये' अशीच हाक मारायचो. वयाने त्या माझ्या आईपेक्षा मोठ्या. आता लिहिताना 'त्या' आणि 'म्हणाल्या' लिहितो आहे. माझ्यात झालेली सुधारणा ती एवढीच.

त्या कासूच्या बाजूच्या खाडीकाठच्या गावातून यायच्या. बांधावरून चालत स्टेशन, तिथून गाडीने पेण. नवरा मिठागरावर काम करून लवकर गेला होता. ठेंगणा बांधा, साडीचा काचा गुडघ्यापर्यंत ओढलेला, डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकट. जेवण झाल्यावर दोनदा हात धुवायच्या, हुंगून बघायच्या आणि मगच भाताला हात लावायच्या. चहा बशीत ओतून प्यायच्या आणि पिताना कोणी बोललेलं त्यांना खपत नसे.

पोह्यांचं काम ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. भात रात्रभर ऊन पाण्यात भिजवायचं, सकाळी निथळायचं, तापलेल्या वाळूत भाजायचं. वाळू चाळून काढायची आणि भात गरम असतानाच घाण्यात टाकून चपटं करायचं. यातलं सगळं यंत्राने होतं, भाजणं सोडून. ते आमच्याकडे लांब दांड्याच्या झाऱ्याने, माणसाच्या हातानेच व्हायचं. भात वाळूत पडलं की आधी गप्प असतं. मग एकेक दाणा तडकायला लागतो, मग बरेच, आणि एका क्षणी तो आवाज बदलतो. त्या क्षणी काढलं तर पोहे होतात. जरा आधी किंवा जरा नंतर काढलं तर काय होतं ते त्या नव्या मुलीच्या सासऱ्याला विचारा.

"भात बोलतं. ते ऐकायचं," ही चांगुणाबाईंची अख्खी शिकवणी. त्यासाठी नव्या बाईने आठ दिवस भट्टीमागे, हात पाठीशी बांधून, नुसतं उभं राहायचं. कशालाही हात लावायचा नाही, काही विचारायचंही नाही. नवव्या दिवशी झारा हातात मिळायचा. तेव्हाही त्या शिकणारीचा हात धरायच्या नाहीत, मागून कोपर धरायच्या. "हात धरला तर माझाच हात शिकंल," म्हणायच्या. 'शाब्बास' हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. सगळ्यात मोठी शाबासकी म्हणजे "चालंल."

प्रमिला आली तेव्हाचं मला आठवतं. डोंगराकडच्या वाडीवरची मुलगी, लहानपणी चुलीवर भाजलेली, पायावर डाग. जाळ दिसला की मागे सरकायची. मी म्हटलं, हिला पॅकिंगला घेऊ.  चांगुणाबाईंनी प्रमिलाला भट्टीपासून लांब, पोत्यांच्या थप्पीजवळ बसवलं, डोळे मिटायला लावले आणि तिथूनच विचारायला लागल्या. "आता?" "नाय." "आता?" "नाय." "आता गो?" "व्हय!" असं महिनाभर चाललं. जाळाकडे न बघता ती पोरगी जाळ शिकली आणि मग आपल्या पायांनी भट्टीजवळ आली. तिचा पहिला घाणा निघाला तेव्हा चांगुणाबाईंनी चार पोहे तोंडात टाकले, "चालंल" म्हणाल्या, आणि प्रमिला पदरात तोंड घालून रडली.

आता माझं. मी बी. कॉम. झालो तेव्हा वडिलांनी मला ऑफिसात न बसवता महिनाभर भट्टीवर धाडलं. "आधी चांगुणाच्या हाताखाली शिक." मी आठ दिवस उभा राहिलो, नवव्या दिवशी झारा घेतला, माझे पोहे घरी नेले. आई म्हणाली, हे काय आणलंस? वडील निमूटपणे खात राहिले. दुसऱ्या दिवशी चांगुणाबाईंनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "छान झालेत म्हणाले." चांगुणाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. वडील त्यांना सकाळीच दारात भेटले होते.

महिना संपला तरी मला काही ऐकू येईना. येत होता तो नुसता कडकडाट, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा. तिसाव्या दिवशी त्या वडिलांना म्हणाल्या, "शेट, दादाला हापिसात बसवा. त्याला कान नाय." बायका हसल्या. वडीलसुद्धा हसले. त्यात वाकडं काहीच नव्हतं. खरं होतं आणि प्रेमाने बोलल्या होत्या. पण मी ते विसरलो नाही. पुढे मी लग्न केलं, वडिलांनी गिरणी माझ्यावर सोपवली, ते फक्त दुपारी तासभर येऊन बसू लागले. तरी भट्टीकडे गेलो की माझे कान गरम व्हायचे.

मग मुंबईची एक मोठी कंपनी आमचे पोहे आपल्या पाकिटात घालून विकायला तयार झाली. त्यांची अट अशी की कामगारांचं रीतसर प्रशिक्षण झालेलं असलं पाहिजे. एक दिवसाचा वर्ग, शेवटी लेखी परीक्षा, पास होणाऱ्याला प्रमाणपत्र. प्रमाणपत्र नसलेल्या माणसाने भट्टीवर काम करायचं नाही. वर्ग घ्यायला त्यांचे एक सर आले. निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, बोलायला अतिशय गोड. मी त्यांच्यासाठी भिंतीला पडदा लावला, खुर्च्या मांडल्या. मुख्य म्हणजे भट्टीला तापमानाचा काटा बसवून घेतला होता. त्या काट्याचा मला फार अभिमान होता. माझ्या मते, आता कानांची गरजच उरली नव्हती.

सर काट्याविषयी बोलत होते. काटा ठरलेल्या आकड्यावर आला की भात सोडायचं, इतकं सोपं. मागच्या रांगेतून चांगुणाबाई उठल्या. "साहेब, हा काटा खोटं बोलतो." सर हसून म्हणाले, कसं काय मावशी? चांगुणाबाईंनी भट्टीजवळ जाऊन वाळूवर चार दाणे टाकले. काटा बरोबर आकड्यावर होता आणि दाणे गप्प पडून राहिले. "हा जाळाच्या तोंडाशी बसवलाय. वाळू हिकडं, काटा तिकडं." मग माझ्याकडे बघून, डोळे मिचकावून म्हणाल्या, "आमच्या दादाला भात ऐकू येत नाय ना, म्हनून त्यानं काटा आनला."

सगळा वर्ग हसला. सरही हसले आणि वहीत काहीतरी टिपून घेतलं. मीही हसलो. माणूस तोंडाने हसतो तेव्हा आत काय चाललेलं असतं ते त्याचं त्यालाच ठाऊक.

दुपारी परीक्षा झाली. पाच जणींना लिहिता येत होतं, त्या लिहायला बसल्या. सहा जणींना येत नव्हतं. सर म्हणाले, त्यांना प्रश्न वाचून दाखवा आणि त्या सांगतील ते तुम्ही लिहा. आणि हळूच पुढे म्हणाले, "थोडं सांभाळून घ्या, काय?" सांभाळून घेण्यात मी पटाईत होतो. त्या सहांपैकी पाच जणींचे कागद मी असे लिहिले की सरांनाही तसे लिहिता आले नसते. एकीला विचारलं, भट्टीचं तापमान किती? ती म्हणाली, "गरम." मी सरांनी सांगितलेला आकडा लिहिला. दुसरीला विचारलं, अपघात झाल्यास प्रथम कोणाला कळवावे? ती म्हणाली, "देवाला." मी लिहिलं, पर्यवेक्षकाला.

शेवटी चांगुणाबाई आल्या. माझ्यासमोर बसल्या, पदर नीट केला, हात मांडीवर ठेवले. शाळेत पहिल्यांदा आलेल्या मुलीसारख्या त्या घाबरल्या होत्या. मला ते दिसलं आणि, लिहायला लाज वाटते, बरं वाटलं.

"भट्टीचं योग्य तापमान किती?"

"आकडा मला ठावूक नाय. चार दाने टाकायचे. पाच मोजायच्या आत बोलले नाय तर जाळ कमी हाय."

मी लिहिलं. 'आकडा मला ठाऊक नाही. चार दाणे टाकायचे.' शब्द न् शब्द.

"हात किती वेळ धुवावेत?"

"वास जाईपर्यंत."

"अपघात झाल्यास प्रथम कोणाला कळवावे?"

"आधी जाळ इझवायचा. मानसाला बाजूला घ्यायचं. कलवायचं मागून."

"प्रशिक्षणाचा उद्देश काय?"

इथे त्या थांबल्या.  मग म्हणाल्या, "आपून नसलो तरी काम नीट व्हावं. दुसरं काय?"

तेही मी लिहिलं. एक अक्षर बदललं नाही, एक अक्षर गाळलं नाही. मनाशी म्हणत होतो, मी कुठे काय चुकीचं करतोय? सांगितलं तेच लिहितोय. नियमच आहे तो. पाच जणींच्या वेळी हा नियम माझ्या खिशात होता, सहावीच्या वेळी मी तो बाहेर काढला.

संध्याकाळी सरांनी कागद तपासले. दहा जणी पास. चांगुणाबाईंचा कागद हातात घेऊन ते जरा घुटमळले. "हिचं काय करायचं? अनुभवी दिसते. तुम्ही म्हणत असाल तर पुन्हा एकदा विचारून घ्या." म्हणजे दार उघडंच होतं. मी म्हणालो, "नको सर. एकीला सूट दिली की बाकीच्या बोलतील." सरांनी तांबड्या शाईने शेरा मारला, 'असमाधानकारक. पुन्हा प्रशिक्षण आवश्यक.' मी तो शेरा मोठ्याने वाचून दाखवला. प्रमिला पास झाली होती. दुसऱ्या दिवसापासून भट्टी प्रमिलाकडे, आणि चांगुणाबाई तिच्या हाताखाली शिकाऊ.

मला वाटलं होतं त्या भांडतील. वडिलांकडे जातील, चार शब्द सुनावतील. मग मी मोठ्या मनाने माघार घेणार होतो. तशी वाक्यंही मी तयार ठेवली होती. त्या आल्या त्या नेहमीच्या गाडीने, नेहमीच्या वेळी. भट्टीपाशी गेल्या, प्रमिलाच्या मागे उभ्या राहिल्या आणि हात पाठीशी बांधले.

प्रमिलाच्या हातातून झारा पडला. "मी नाय करनार," म्हणून ती रडायलाच लागली. चांगुणाबाई तेवढंच म्हणाल्या, "रडतेस कशाला गो? जाळ बघ."  आठ दिवस कशाला हात लावला नाही, काही विचारलं नाही. एकदा भात करपत होतं. माझ्या खुर्चीपर्यंत वास आला, म्हणजे त्यांना कधीच कळलं असणार. मी उठून बघितलं तर पाठीमागे त्यांची बोटं एकमेकांत घट्ट रुतली होती. प्रमिलाने आपणहून भात उपसलं. चांगुणाबाईंची बोटं सैल झाली.

त्या आठ दिवसांत मला एकदा उठून एवढंच म्हणायचं होतं, 'पुरे आता, घे झारा.' रोज सकाळी ठरवायचो. रोज संध्याकाळी गाडीची वेळ व्हायची.

नवव्या दिवशी त्या आमच्या ऑफिसच्या दारात आल्या. आत वडील बसले होते. "शेट, माझं शिकून झालं," म्हणाल्या, वडिलांना नमस्कार केला, माझ्याकडे बघून मान हलवली आणि गेल्या.  वडिलांनी माझ्याकडून त्यांचा परीक्षेचा कागद मागून घेतला, चष्मा लावून वाचला, घडी घालून परत दिला. पुढे ते दुपारचे यायचेही बंद झाले. गुडघे दुखतात म्हणायचे.

यानंतर गिरणीचं काही वाईट झालं असतं तर मला जरा हलकं वाटलं असतं. तसं काही झालं नाही. पोहे उत्तम निघत राहिले, कारण भट्टीवर प्रमिला होती आणि तिला चांगुणाबाईंनी शिकवलं होतं. काटा अजून तिथेच आहे. त्याच्याकडे फक्त पाहुणे बघतात.

गेल्या वर्षी कंपनीने ठरवलं की प्रत्येक गिरणीत स्वतःची प्रशिक्षक असावी. आम्ही प्रमिलाचं नाव दिलं. अर्जात एक रकाना होता, 'आपणांस कोणी प्रशिक्षण दिले?' प्रमिलाने ठसठशीत अक्षरात चांगुणाबाईंचं नाव लिहिलं. निळ्या शर्टाच्या सरांचा फोन आला की त्या बाईंच्या प्रमाणपत्राची प्रत जोडा. मी म्हटलं, प्रमाणपत्र नाहीये. ते म्हणाले, "मग करून टाका. मागची तारीख घाला. फक्त त्यांचा अंगठा घ्या."

म्हणजे मी त्यांच्याकडे गेलो तो कागदावर अंगठा हवा होता म्हणून. गाडीत बसल्यावर मात्र मी मनाला सांगायला लागलो की आपण माफी मागायला चाललोय. कासू गेलं, नागोठणं गेलं, रोहा येईपर्यंत मला ते पटलंही होतं.

त्यांची मुलगी लता रोह्याला असते. कंपन्यांमध्ये शिफ्टला जाणाऱ्या लोकांसाठी ती घरातच खानावळ चालवते. चांगुणाबाई पुढच्या खोलीत सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. बारीक झाल्या होत्या. मला बघून त्यांना इतका आनंद झाला की सूप तसंच टाकून उठल्या. "गो लते, आमचा दादा आला बघ!" वडील गेल्याचं त्यांना कळलं होतं, डोळे पुसले. प्रमिलाची चौकशी केली. मी बॅगेतून प्रमाणपत्र काढलं. चांगला जाड कागद, सोनेरी कड, खाली गिरणीचा शिक्का. लताने वाचून दाखवलं, "यशस्वीरीत्या उत्तीर्ण."

"पन मी तर नापास झाले होते," चांगुणाबाई म्हणाल्या.

"ती चूक होती, मावशी," मी म्हणालो. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच मावशी म्हटलं. "तेच सांगायला आलोय. त्या दिवशी मी तुमचा कागद..."

"चूक कसली?" त्यांनी मला पुढे बोलूच दिलं नाही. "मी भायेरच्या बाकावर बसले होते ना, सगलं ऐकत होते. बाकीच्या बाया एक बोलायच्या, तू दुसरंच लिवायचास. त्या एक शब्द बोलल्या की तुझं पेन ओळभर चालायचं. मी म्हटलं, आता माझं पन असंच लिवनार. मग माझी पाळी आली. मी बोलेन तवर पेन चाललं, मी थांबले की थांबलं." त्या लताकडे वळल्या. "तुला त्याच दिवशी सांगितलं व्हतं की नाय गो? दादानं माझं माझंच लिवलं. बाकीच्यांना लहान पोरी समजून उत्तरं दिली, माझं तेवढं खरं लिवलं. नापास तर नापास. एवढा मान शेटनं पन नाय दिला मला."

लताने मान डोलावली. ही गोष्ट तिने बऱ्याचदा ऐकलेली दिसत होती.

"म्हनून तर आठ दिस उभी रायले," चांगुणाबाई म्हणाल्या. "खोटं नापास केलं असतं तर एक दिस नसते रायले. हे ने परत. प्रमिलाला सांग, कागदावर लिव, शिकवनारी नापास व्हती." आणि स्वतःच हसल्या. मग हसू थांबवून, मान जरा तिरपी करून माझ्याकडे बघितलं. "व्हय ना रे दादा? म्हनूनच तसं लिवलंस ना?"

लता बघत होती. आतल्या खोलीत जेवायला बसलेले दोघेही हात थांबवून बाहेर बघत होते. मला सगळं सांगता आलं असतं. मी त्यासाठीच आलो होतो, निदान गाडीत तरी.

मी "हो" म्हणालो.

त्यांनी प्रमाणपत्र कोपरे न दुमडता माझ्या बॅगेत ठेवलं, बॅगेची चेन लावली आणि विचारलं, "जेवलास?" मी नाही म्हणायच्या आत लताला पाट मांडायला सांगितला. ताट त्यांनी स्वतः वाढलं. वरण, भात, बोंबलाचं कालवण, वर एक तळलेली मांदेली. समोर बसून राहिल्या, पाणी संपलं की भांडं भरत होत्या. गाडीला अजून वेळ होता. मी सगळं जेवलो आणि त्यांनी आग्रह केला तेव्हा भात पुन्हा घेतला.